झीज आणि आघात: घराच्या व दातांच्या विम्यात काय बसते, काय नाही

विमा अवचित घडणाऱ्या नुकसानीचा असतो. वयाने, वापराने किंवा दुर्लक्षाने होणाऱ्या झिजेचा नसतो. घराची पॉलिसी असो वा दातांच्या उपचारांचे कलम, विमा कंपनी पैसे केव्हा देते आणि केव्हा नाकारते हे बहुतांशी या एका तत्त्वावरून कळते. मध्यरात्री पाण्याचा पाइप फुटून घरभर पाणी झाले तर तो आघात. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून चार पावसाळे झिरपून छताला ओल आली तर ती झीज. स्कूटरवरून पडून समोरचे दोन दात तुटले तर तो आघात. गोड खाऊन आणि दात न घासून दाढ किडली तर ती झीज. पहिल्या प्रकाराला विम्यात जागा आहे, दुसऱ्याला सहसा नाही. पॉलिसीच्या कागदावर या तत्त्वाचे बारीक तपशील होतात आणि ग्राहकाची फसगत त्या तपशिलांतच होते.

घराच्या विम्याची घडण

घराचा विमा मुळात आगीच्या भीतीतून जन्मला. १६६६ साली लंडन शहराचा मोठा भाग आगीत खाक झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत निकोलस बार्बन याने तिथे घरांचा अग्निविमा उतरवण्याचा धंदा सुरू केला. भारतात १८५० मध्ये कलकत्त्यात ट्रायटन ही सर्वसाधारण विम्याची कंपनी निघाली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा राष्ट्रीयीकृत झाला आणि शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. पुढे खासगी कंपन्या आल्या, तरी घराचा विमा बराच काळ कारखाने आणि गोदामांसाठी बेतलेल्या अग्निविम्याच्या साच्यातच मिळत राहिला. त्यात भूकंपाचे संरक्षण हवे असेल तर वेगळा हप्ता मोजून ते जोडून घ्यावे लागे. घरमालकाला हे माहीत नसले, की पॉलिसी असूनही भूकंपाच्या वेळी हात रिकामे राहत.

ही अडचण ओळखून विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. अग्निविमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती देणे बंधनकारक आहे. मूळ मसुदा सगळ्या कंपन्यांचा एकच असतो. फरक पडतो तो हप्त्यात, सेवेत आणि वरून घ्यायच्या जोड संरक्षणांत. त्यामुळे या एका पॉलिसीची कलमे समजली तर देशातल्या कुठल्याही कंपनीची घराची मूळ पॉलिसी समजल्यासारखीच आहे. ती एका वर्षासाठी घेता येते, तशीच सलग दहा वर्षांपर्यंतही घेता येते.

धरलेली संकटे

या पॉलिसीत संकटांची यादी दिलेली असते आणि त्या यादीतल्या कारणाने झालेलेच नुकसान भरून मिळते. आग, स्फोट आणि वीज पडणे ही जुनी संकटे तीत आहेतच. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा स्फोट त्यातच मोडतो. भूकंपाचा समावेश आता मूळ पॉलिसीत आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या राज्याने पाहिला, तिथे या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको.

वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर आणि पाणी साचून होणारे नुकसान यांचाही यादीत समावेश आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत तळमजल्यावरची घरे बुडाली. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीत, जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी घरांत शिरले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत घरांची छपरे उडवली. अशा प्रत्येक प्रसंगाचे नुकसान या पॉलिसीच्या चौकटीत बसते. अमेरिकेत याउलट स्थिती आहे. तिथल्या नेहमीच्या घरविम्यात पुराचे नुकसान वगळलेले असते आणि १९६८ पासून चालत आलेल्या सरकारी पूरविमा कार्यक्रमातून किंवा खासगी कंपनीकडून त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तिथे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

दरड कोसळणे आणि घराखालची जमीन खचणे ही संकटेही धरलेली आहेत. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावे आठवली की या कलमाची गरज पटते. मात्र पॉलिसी बांधकामाची असते, जमिनीची नसते. दरडीखाली गेलेल्या घराचा बांधकामखर्च मिळतो. नाहीशा झालेल्या जागेची किंमत मिळत नाही.

यादीत आणखीही बरेच आहे. जंगलातला वणवा आहे. बाहेरून येऊन आदळणाऱ्या वस्तूने झालेले नुकसान आहे, मग ते वाहन असो, उन्मळलेले झाड असो वा शेजारची पडकी भिंत. दंगल, संप, कुणी मुद्दाम केलेली नासधूस आणि दहशतवादी कृत्य आहे. पाण्याची टाकी, पाइप किंवा नळयंत्रणा फुटून वा भरून वाहिल्याने झालेले नुकसान आहे. वरीलपैकी एखादी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत, त्या घटनेमुळेच झालेली चोरीही धरली जाते. पुरामुळे घर सोडून जावे लागले आणि मागे सामान चोरीला गेले, तर हे कलम उपयोगी पडते.

घर राहण्याजोगे उरले नाही तर दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचे भाडे, किंवा घर भाड्याने दिले असेल तर बुडालेले भाडे, जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी घर राहण्यायोग्य नसल्याचा वास्तुविशारदाचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला लागतो. वास्तुविशारद, सर्व्हेअर, अभियंता यांच्या फीसाठी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि ढिगारा उचलण्यासाठी २ टक्क्यांपर्यंत रक्कम वेगळी मिळते.

वगळलेल्या गोष्टी

झीज आणि आघात यांतली रेषा अपवादांच्या कलमांत सर्वांत ठळक दिसते. नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भरावाची जमीन बसणे, सदोष आराखडा, निकृष्ट माल आणि चुकीची कारागिरी यांमुळे घर खचले तर भरपाई नाही. शेजारच्या खोदकामाने पाया हलला किंवा स्वतःच्याच घरात भिंत पाडताना स्लॅब खचला, तरी नाही. समुद्राने किंवा नदीने काठ खाल्ल्यामुळे झालेले नुकसानही वगळलेले आहे. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर घर असणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. लाटांचे पाणी वादळात घरात शिरणे आणि वर्षानुवर्षे किनारा झिजून घर पडणे, या दोन्हींत समुद्र तोच असला तरी पॉलिसीच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पावसाळ्यातली गळती, भिंतीची ओल, वाळवी, गंजलेल्या सळ्या, सुटलेले प्लास्टर ही देखभालीची कामे समजली जातात. जुनी इमारत केवळ वयाने कोसळली तर यादीतले एकही संकट तिला लागू पडत नाही. शॉर्टसर्किटने फ्रीज जळाला तर त्या फ्रीजचे पैसे मिळत नाहीत. पण त्यातून आग पसरून स्वयंपाकघर जळाले तर स्वयंपाकघराचे मिळतात. युद्ध, अणुकिरणोत्सर्ग, प्रदूषण आणि मालकाने जाणूनबुजून केलेले नुकसान हे अपवाद जवळजवळ प्रत्येक देशातल्या घरविम्यात असतात.

घराचे क्षेत्र वाढवल्याचाही परिणाम होतो. बाल्कनी आत घेऊन किंवा गच्चीवर खोली चढवून चटई क्षेत्र दहा टक्क्यांहून अधिक वाढवले, तर कंपनीला कळवून वाढीव हप्ता भरावा लागतो. तसे न केल्यास वाढवलेल्या भागाच्या भरपाईला अडचण येते.

विमा रक्कम कशी ठरते

घरविम्यात सर्वाधिक गैरसमज विमा रकमेबद्दल आहे. ऐंशी लाखांना घेतलेल्या फ्लॅटचा विमाही ऐंशी लाखांचाच हवा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बाजारभावात जागेची किंमत असते आणि जागा जळत नाही. विमा उतरवायचा तो बांधकामाच्या खर्चाचा. सूत्र सोपे आहे: चटई क्षेत्र गुणिले त्या भागातला बांधकामाचा दर. उदाहरणादाखल ६५० चौरस फूट चटई क्षेत्र आणि चौरस फुटाला २,५०० रुपये दर धरला, तर विमा रक्कम १६ लाख २५ हजार रुपये होते. बाजारभावाने विमा उतरवणाऱ्याचा हप्ता वाढतो. भरपाई मात्र प्रत्यक्ष दुरुस्तीच्या वा पुन्हा बांधण्याच्या खर्चापुरतीच मिळते.

रक्कम कमी ठेवण्याचा धोका जुन्या पॉलिसींत मोठा होता. दहा लाखांच्या मालमत्तेचा विमा पाच लाखांचा असेल आणि दोन लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी एकच लाख देई. उरलेल्या अर्ध्याचा विमा मालकाने स्वतःच उतरवलेला नाही, असा तिचा हिशेब. दुकाने आणि कारखान्यांच्या विम्यात या प्रमाणाच्या नियमाचा फटका आजही बसू शकतो. ‘भारत गृह रक्षा’मध्ये हा नियम बाजूला ठेवलेला आहे. तरी चटई क्षेत्र आणि बांधकामाची माहिती खरी देणे ही ग्राहकाची जबाबदारी राहतेच.

दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत विमा रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढते. सिमेंट, सळई आणि मजुरीचे दर चढत असताना दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याने घर उभे राहत नाही, म्हणून ही सोय.

सामान, दागिने आणि चोरी

इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये इतके संरक्षण त्यातच मिळते. वरच्या उदाहरणातल्या १६.२५ लाखांच्या घराला सामानापोटी ३.२५ लाख मिळतील. सामान याहून जास्त किमतीचे असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घेता येते. भाडेकरूला इमारतीशी कर्तव्य नसते. त्याला फक्त सामानाचा विमा घेता येतो.

दागिने, चांदीची भांडी, चित्रे, कलावस्तू या ‘मौल्यवान वस्तू’ सर्वसाधारण सामानात येत नाहीत. त्यांचे मूल्य आधी ठरवून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्यांची एकूण विमा रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. रोकड, नाणी, धनादेश, रोखे, कागदपत्रे, सुटे हिरे आणि वाहने मूळ पॉलिसीत धरली जात नाहीत.

रोजच्या चोरीची गोष्ट वेगळी आहे. गावाला गेले असताना कुलूप तोडून झालेली घरफोडी वरच्या यादीत नाही. यादीतली चोरी म्हणजे पूर, आग अशा घटनेपाठोपाठ सात दिवसांत झालेली. घरफोडीसाठी जोड संरक्षण किंवा ‘हाउसहोल्डर्स’ नावाने विकली जाणारी संयुक्त पॉलिसी घ्यावी लागते. तिच्यात घरफोडी, दागिने, घरगुती यंत्रांचा बिघाड, काचा, घरकाम करणाऱ्यांना झालेली इजा अशी कप्पेवार संरक्षणे असतात आणि त्यांतली हवी ती निवडता येतात. घरफोडीच्या कलमात बळजबरीने आत शिरल्याची खूण, म्हणजे तुटलेले कुलूप, कापलेले गज असे काही पाहिले जाते. उघड्या दारातून नेलेला मोबाइल किंवा घरातल्याच माणसाने उचललेली साखळी यांचा दावा त्यात टिकत नाही.

घराच्या ओटीवर दुकान असेल तर दुकानातला माल घरसामानात मोजला जात नाही. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठीची वेगळी पॉलिसी आहे. तीही १ एप्रिल २०२१ पासूनच लागू झाली.

सोसायटी आणि बँक

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंप यांसाठी विमा उतरवायचा असतो. तो इमारतीच्या सांगाड्याचा असतो. सभासदाच्या फ्लॅटमधले फर्निचर, कपाटे, टीव्ही आणि आतली सजावट त्यात येत नाही. म्हणून सोसायटीची पॉलिसी आहे याचा अर्थ आपले घर सुरक्षित आहे असा होत नाही. वार्षिक सभेत तिची प्रत मागून संकटांची यादी आणि रक्कम पाहणे हाच मार्ग.

गृहकर्जाबरोबर बँक जो विमा सुचवते, तो दोन प्रकारचा असतो आणि ग्राहक दोन्हींत गल्लत करतात. एक घराचा, घर जळाले तर भरपाई देणारा. दुसरा कर्जदाराच्या आयुष्याचा. तो गेला तर उरलेले कर्ज फेडणारा. दुसरा घेतला म्हणून घराचा विमा झाला असे होत नाही.

दातांचा विमा कुठे असतो

घराच्या विम्याला भारतात स्वतंत्र पॉलिसी आहे. दातांसाठी मात्र स्वतंत्र विमा जवळजवळ नाही. दातांचे संरक्षण शोधायचे ते आरोग्यविम्याच्या पॉलिसीत, एखाद्या कलमात. तिथेही झीज-आघाताची रेषा आहे आणि शिवाय दुसरी एक अट आहे: रुग्णालयात दाखल होणे.

आरोग्यविम्याची रचना रुग्णालयाभोवती आहे. निदान चोवीस तास दाखल राहणे किंवा ‘डे केअर’ प्रकारात बसणारी शस्त्रक्रिया होणे, ही नेहमीची अट. दातांचे बहुतेक उपचार दवाखान्याच्या खुर्चीवर होतात. दात भरणे, रूट कॅनॉल, कॅप बसवणे, दात साफ करणे, दाढ काढणे यांसाठी माणूस तासाभरात घरी परततो. म्हणजे हे सारे बाह्यरुग्ण उपचार ठरतात आणि साध्या पॉलिसीत बसत नाहीत. दात पांढरे करणे, सरळ दिसावेत म्हणून तारा लावणे हे सौंदर्योपचार मानले जातात आणि वगळले जातात.

अपघाताचे चित्र वेगळे आहे. रस्त्यावरच्या अपघातात जबडा मोडला, दात तुटले आणि रुग्णालयात दाखल करून शस्त्रक्रिया करावी लागली, तर तो खर्च बहुतेक आरोग्य पॉलिसींत धरला जातो. अपघातासाठी सुरुवातीचा तीस दिवसांचा प्रतीक्षा काळही लागत नाही. मात्र तुटलेल्या दाताच्या जागी नंतर बसवलेले इम्प्लांट अनेक पॉलिसींत वगळलेले असते.

१ एप्रिल २०२० पासून सुरू झालेली ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी इथे तुलनेला उपयोगी आहे. तिच्यात रुग्णालयात दाखल होऊन केलेला, रोगामुळे किंवा इजेमुळे गरजेचा झालेला दंतोपचार धरलेला आहे. म्हणजे केवळ अपघातच नव्हे. जबड्यात पसरलेला जंतुसंसर्ग किंवा गाठ यांवरची शस्त्रक्रियाही त्या शब्दांत बसू शकते. दाव्यातला ५ टक्के वाटा ग्राहकाने सोसायचा असतो आणि खोलीभाड्याला विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० रुपये अशी मर्यादा आहे.

तंबाखू आणि गुटख्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ‘दातांचा उपचार’ म्हणून पाहिली जात नाही. ती कर्करोगाची शस्त्रक्रिया आहे आणि आरोग्यविम्यात त्याच नात्याने येते. तिच्यात काढलेल्या दातांचे पुढे काय, कृत्रिम दातांचा खर्च मिळतो का, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरते.

खुर्चीवरच्या उपचारांचे पैसे मिळतात ते तीन ठिकाणी. पहिले, बाह्यरुग्ण खर्चाचे जोड संरक्षण असलेल्या महागड्या पॉलिसी; त्यांत वर्षाला ठरावीक रक्कम असते. दुसरे, काही कंपन्यांनी आपल्या नोकरदारांसाठी घेतलेल्या सामूहिक पॉलिसी. तिसरे, सरकारी व्यवस्था: केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस आणि कामगारांची राज्य विमा योजना यांत दंतोपचाराची सोय आहे. ‘डेंटल प्लॅन’ नावाने विकली जाणारी सभासदत्वे मात्र बहुधा सवलतीची कार्डे असतात. ठरलेल्या दवाखान्यांत दर कमी लागतो एवढाच त्यांचा अर्थ. तो विमा नव्हे.

विमा नसलेल्यांना सरकारी आणि पालिकेची दंत महाविद्यालये हा स्वस्त आधार आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबई पालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे आणि गोव्यात बांबोळीला दंत महाविद्यालय आहे.

वेगळा दंतविमा का रुजला नाही

विमा चालतो तो अनेकांनी हप्ता भरावा आणि थोड्यांवर संकट यावे या हिशेबावर. हजार घरांपैकी एखादेच जळते, म्हणून हजारांच्या छोट्या हप्त्यांतून एकाचे घर उभे राहते. दातांचे तसे नाही. साठीपर्यंत दातांच्या डॉक्टरकडे गेलाच नाही असा माणूस विरळा. खर्च जवळजवळ सर्वांना येणार असेल तर हप्ता खर्चाइतकाच होतो, वर कंपनीचा कारभारखर्च चढतो.

दुसरी अडचण उपचार लांबवता येण्याची आहे. जळते घर थांबत नाही. दुखरी दाढ मात्र लवंगतेलाने महिनाभर शांत ठेवता येते. पॉलिसी घ्यायची, मग रूट कॅनॉल करायचे आणि पुढच्या वर्षी पॉलिसी सोडायची, असे सर्वांनी केले तर कंपनी बुडेल. म्हणून जिथे दंतविमा आहे तिथे प्रतीक्षा काळ, वार्षिक मर्यादा आणि ग्राहकाचा वाटा अशी कुंपणे घातलेली असतात.

अमेरिका याचे उत्तम उदाहरण. तिथे १९५४ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने आपल्या मुलांसाठी दंतसेवेची योजना मिळवली आणि त्यातून दंतविमा वाढला. आज तिथल्या नेहमीच्या योजनेत तपासणी आणि सफाईचा पूर्ण खर्च, दात भरण्याचा सुमारे ८० टक्के आणि कॅप वा ब्रिजचा सुमारे ५० टक्के खर्च मिळतो. वर्षाची कमाल रक्कम बहुधा एक ते दोन हजार डॉलर असते. मोठ्या उपचारांना सहा ते बारा महिने थांबावे लागते आणि पॉलिसीआधीच पडलेल्या दाताच्या जागी नवा बसवण्याचा खर्च अनेक योजना देत नाहीत. वृद्धांच्या मूळ मेडिकेअर योजनेत तर नेहमीची दंतसेवा नाहीच. हा विमा मोठ्या संकटापासून वाचवत नाही. नियमित तपासणीची सवय लावतो आणि छोट्या खर्चात हातभार लावतो.

मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांनी प्रवासविमा घेतला तर त्यात दातांचे एक छोटे कलम असते. अचानक उठलेली तीव्र कळ थांबवणे आणि अपघात, एवढ्यापुरतेच ते असते, तेही ठरावीक रकमेपर्यंत. कवळी बसवणे किंवा अर्धवट राहिलेले रूट कॅनॉल पुरे करणे त्यात येत नाही. अशी कामे निघण्याआधीच उरकून घेणे स्वस्त पडते.

हप्ता, दावा आणि तक्रार

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी उठला आहे. घराच्या विम्यावर १८ टक्के कर कायम आहे. तरीही घराच्या किमतीच्या मानाने घरविम्याचा हप्ता अल्प असतो, कारण तो फक्त बांधकामावर आकारला जातो.

नुकसान झाल्यावर कंपनीला ताबडतोब कळवावे. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, चोरी वा दंगल असेल तर पोलिसांकडची नोंद, पुरात तलाठ्याचा पंचनामा, हे कागद पुढे कामी येतात. सर्व्हेअर येईपर्यंत मोडलेल्या वस्तू फेकून देऊ नयेत. फोटो काढून ठेवावेत. नुकसान आणखी वाढू नये म्हणून गळके छप्पर ताडपत्रीने झाकणे यांसारखी काळजी घेणे मात्र मालकाचे कर्तव्यच आहे. दातांच्या अपघाती दाव्यात जबड्याचा एक्स-रे, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि अपघाताची पोलिसांतली नोंद महत्त्वाची ठरते, कारण दात अपघाताआधी शाबूत होते हे त्यांवरूनच दिसते.

दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी जावे लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा लोकपाल देऊ शकतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहकाला तो न पटल्यास ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो.

पॉलिसी हाती आल्यावर तीन पाने तरी वाचावीत: धरलेल्या संकटांचे, अपवादांचे आणि रकमांच्या तक्त्याचे. त्या पानांवर जे नाही, त्याची सोय स्वतः करावी लागते. पावसाळ्याआधी गच्चीच्या भेगा बुजवणे आणि वर्षातून एकदा दात तपासून घेणे, या दोन्ही कामांचे पैसे कुठलीही साधी पॉलिसी देत नाही. ती कामे वेळेवर झाली तर बहुतेक घरांना आणि बहुतेक दातांना दाव्याची वेळच येत नाही.